आळणी पथ्य

फेफऱ्याचा डॉक्टर व्हायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. मुंबईहून डॉक्टरी शिकून सोलापुरात दवाखाना थाटला तेव्हा माझ्या डोक्यात शस्त्रक्रियेचं वेड होतं. दारावरच्या पितळी पाटीत 'फिजिशियन' बारीक आणि 'सर्जन' ठसठशीत कोरून घेतलं होतं. हत्यारांची पेटी रोज सकाळी मी स्वतः पुसत असे. पहिल्या सहा महिन्यांत तिच्यातलं एकच हत्यार वापरात आलं, तेही एका टांगेवाल्याच्या पाठीवरचं गळू फोडायला. तो उठून सदरा घालताना म्हणाला, "आमच्या गल्लीतला न्हावी ह्याच्यापरीस हलक्या हातानं फोडतो."

माझ्या जागेत आधी एक म्हातारे डॉक्टर बसत. ते वारल्यावर जागेबरोबर त्यांचे कंपाउंडरही माझ्याकडे आले. साठीच्या पुढचे, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी कातरून लावावी तर त्यांनीच. त्यांची माझ्यावर श्रद्धा नव्हती. दया मात्र होती, आणि ती ते लपवत नसत.

माझं नाव झालं ते एका अपघातानं. मंगळवार पेठेतून जात होतो. सांगोल्याकडचा एक धनगर घोंगड्या विकायला बसला होता, तो बसल्या जागी ताठ झाला आणि हातपाय झाडू लागला. भोवती गर्दी. कुणी नाकाला चप्पल लावतंय, कुणी कांदा फोडून आणतंय. मी "बाजूला व्हा, मी डॉक्टर आहे" असं ओरडत आत घुसलो. दातांत जीभ सापडू नये म्हणून तोंडात चमचा घालावा असं आम्हाला शिकवलं होतं. चमचा नव्हता, तेव्हा मी अंगठा घातला.

त्यानंतर ओरडत होतो तो मीच. अंगठा दातांत, मी गुडघ्यांवर, टोपी कुठंतरी धुळीत. फेफरं आपल्या गतीनं दोन मिनिटांत ओसरलं. धनगरानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला विचारलं, "ह्यास्नी काय झालं?"

"तुजं फेफरं त्यांनी सोताच्या अंगावर घेतलं की," शेजारचा म्हणाला.

ही बातमी माझ्या आधी दवाखान्यात पोचली होती. अंगठ्याला पट्टी बांधता बांधता कंपाउंडर म्हणाले, "आता बगा, लाइन लागंल." आणि खरंच लागली. होटगीहून, अक्कलकोटाहून, बार्शीकडून आकडीचे रोगी येऊ लागले. काही जण घरातल्या फेफऱ्याच्या सुनेला तोंड झाकून, टांग्याला पडदे लावून आणत. तोवर त्या रोगाबद्दल मला परीक्षेपुरतं माहीत होतं. मग मुंबईहून जाड जाड पुस्तकं मागवली आणि वाचायला बसलो. वाचता वाचता माहिती वाढली, आणि तिच्या दुप्पट वेगानं ऐट वाढली. वर्षभरात मी बोलताना "माझ्या अनुभवानुसार" म्हणू लागलो.

अशा वेळी साखर पेठेतली एक विणकरीण माझ्याकडे आली. तेलुगू घरातली, चाळिशीची, कपाळावर एकावर एक तीन जुन्या जखमांचे व्रण. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत मोतिबिंदू उतरले होते, त्यामुळे घरातला माग तीच चालवी आणि नवरा शेजारी बसून चाचपडत धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरी. पेठेत ह्याची चेष्टा व्हायची. ती चेष्टा करणाऱ्याला दारातूनच चार शब्द सुनावून पुढं जायची. मराठी बोलताना स्वतःला पुरुषासारखं "मी येतो, मी करतो" म्हणायची, आणि तिच्या तोंडी ते शोभायचंही.

"महिन्याला आठ-दहा वेळा येतंय मूर्छा," ती म्हणाली. "मागावर येतंय. मी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असतो, तोंड लाकडावर आपटतं. कापडाला रक्त लागतंय, डाक्टर. व्यापारी घेत न्हाई."

मी तिला पोटॅशियम ब्रोमाइडचं मिश्रण दिलं. त्या काळी हेच औषध होतं. पण आदल्याच आठवड्यात मी एका पुस्तकात वाचलं होतं की रोग्याच्या जेवणातलं मीठ तोडलं तर ब्रोमाइडचा गुण कितीतरी वाढतो. मला वाटलं, सोलापुरात हे माहीत असलेला मी एकटाच. मी तर्जनी वर करून सांगितलं, "मीठ बंद. आमटीत नाही, भाकरीत नाही, कशात नाही."

"चटणीत?"

"चटणीतसुद्धा नाही."

शेंगाचटणीवाचून घास न गिळणाऱ्या गावात हे सांगायला हिंमत लागते. ती माझ्यापाशी भरपूर होती, कारण आळणी भाकरी मला खायची नव्हती.

बाई निघून गेल्यावर कंपाउंडर बाटली धुता धुता म्हणाले, "डाक्टरसायेब, मीठ तोडू नये असं वाटतंय."

"पुस्तकात आहे," मी म्हणालो. त्यांनी धुतलेली बाटली फळीवर पालथी घातली.

फेफरं थांबलं. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. मी वहीत तारखेपुढं शून्य मांडत गेलो आणि प्रत्येक शून्य थोडं मोठं काढत गेलो. बाई दर आठवड्याला येई, बाकावर बसे, "बरं हाय" म्हणे, बाटली घेऊन जाई. किती आज्ञाधारक रोगी, मला वाटे. चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या होत्या. औषध लागू पडल्याची खूण म्हणून मी त्याही नोंदवल्या.

"ही बाई पूर्वी भांडत यायची," कंपाउंडर एकदा म्हणाले. "आता पायरीवर बसती न् उठायचं इसरती. परवा सोताच्या गल्लीचं नाव इसरली."

"फेफरं थांबलंय ना?"

"थांबलंय की. समदंच थांबलंय."

मी हसलो. विनोद चांगला होता म्हणून नव्हे, तर कंपाउंडरांच्या विनोदाला हसणं हा मोठेपणा वाटला म्हणून.

तिसऱ्या महिन्यात बाई बदलली. चेहरा उजळला, बोलणं भराभर होऊ लागलं, एकदा तर बाटलीचं बूच सैल आहे म्हणून ती कंपाउंडरांशी भांडलीसुद्धा. शरीरानं आता औषध स्वीकारलं, असं मी वहीत लिहिलं. फेफऱ्याबद्दल विचारलं की ती मान एका बाजूला कलती करी. ती मान मी 'नाही' अशी वाचत होतो.

शहरातले डॉक्टर महिन्यातून एकदा संध्याकाळी एका वाचनालयाच्या दिवाणखान्यात जमत. कुणी एखादा निबंध वाची, मग चहा होई. मी चिटणिसांना सांगून टाकलं, पुढचा निबंध माझा. बारा पानं इंग्रजीत लिहिली. बायकोला तीनदा वाचून दाखवली. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "ह्यात त्या बाईचं काय आहे?" मी म्हणालो, "सगळं तिचंच आहे." ती म्हणाली, "मग तिचं नाव येतंय त्यापेक्षा तुमचं 'आय' जास्त वेळा कसं येतंय? तेवढं मला कळतं."

बाईलाही मी सभेला बोलावलं. रोगी समोर उभा असला की परिणाम वेगळाच होतो. ती धुवट लुगडं नेसून नवऱ्याचा हात धरून आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. नवरा खुर्चीच्या कडेला बसला. पंधरा-सोळा डॉक्टर, अध्यक्षस्थानी एक निवृत्त सिव्हिल सर्जन. गोरेपान, मिशा पांढऱ्या, कानानं जरा कमी. माझा निबंध संपला तेव्हा टाळ्या पडल्या. मी रुमालानं कपाळ पुसलं. घाम आला नव्हता, पण तेव्हा पुसायचं असतं.

अध्यक्षांनी बाईकडे वळून मराठीत विचारलं, "काय हो अक्का, गुण आहे म्हणायचा?"

"हाय की," ती उभी राहून म्हणाली. "लई गुण हाय."

मी सभेकडे पाहिलं.

"मीठ सोडलं ते जड गेलं असेल?"

"सोडला होता दोन महिने," ती म्हणाली. "मग खायला लागलो."

दिवाणखान्यात खुर्च्या करकरल्या. अध्यक्षांनी कानाला हात लावला. "काय म्हणाली?"

"मीठ खातो मी," ती मोठ्यानं म्हणाली. "ते आळणी खाऊन माजं डोकं गेला होता. काठाची नक्षी माज्या हाताला पाठ, आईनं शिकवलेली. ती इसरलो. दोन लुगड्यांचा काठ चुकला. पोरगी जेवायला हाक मारली तर कोण हाक मारतंय ते कळंना. मग ह्यांनी," तिनं नवऱ्याकडे बोट केलं, "मला न सांगता आमटीत मीठ टाकला. आठ दिवसांत डोकं जागेवर आला. मग मी औषध बी कमी केलो. एकदम सोडायला भ्या वाटलं, म्हणून थोडं थोडं. आता निम्मं घेतो."

"आणि फेफरं?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण कुठून तरी लांबून आला.

तिनं कमरेला खोचलेली सुताची दोरी काढली. मागाचं उरलेलं सूत वळून केलेली, आणि तिच्यावर गाठी. मोठ्या मूर्छेला मोठी गाठ, नुसता हात उडाला तर लहान. महिना संपला की लाल धागा. दोरी हातात घेऊन अध्यक्ष चष्मा वर करून बघू लागले. औषधाआधीचा भाग गाठींनी भरलेला होता. मग एक गुळगुळीत भाग. आणि मग शेवटच्या चार महिन्यांत तीन गाठी.

"तुम्ही तर निबंधात म्हणालात, फेफरं संपूर्ण थांबलं," अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले.

"तिनं मला सांगितलं नाही," मी म्हणालो.

"इच्यारला न्हाई," बाई म्हणाली. "तुमी इच्यारता, 'थांबलं ना?' मी काय म्हणू? तुमी खूश दिसता."

त्यावर जे हसू फुटलं ते थांबेना. नवरा तेवढा हसला नाही. त्याला वाटलं, आपल्या बायकोला हसतायत. तो उठून उभा राहिला आणि चुकीच्या दिशेला तोंड करून म्हणाला, "ती खोटं बोलत न्हाई." तेव्हा कुठं हसू थांबलं. मी खाली पाहिलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. आधी मला राग आला तो बाईचा, मग अध्यक्षांचा, मग पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाचा. शेवटी राग करायला कुणी उरलं नाही तेव्हा माझा नंबर लागला. सकाळी कंपाउंडरांना म्हणालो, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आधीच्या डाक्टरांनी बी एकदा मीठ तोडून बगितलं व्हतं," ते म्हणाले. "मानूस धोंडा झाला. मीठ दिल्यावर परत मानूस झाला."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. तुमी म्हनला, पुस्तकात हाय."

त्याच दिवशी दुपारी मी साखर पेठेत गेलो. माफी मागायची होती, पण ती कशी मागावी हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खटखट आवाज, रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी वाशावर टांगलेल्या. बाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. मला पाहून उठली नाही. हातातली ओळ पुरी व्हायची होती. नवऱ्यानं घोंगडी अंथरली.

"काल चुकलं माझं," मी म्हणालो.

"बसा," ती म्हणाली. "चहा घेणार?"

माफी एवढ्यावर आटोपली. मग मी तिला विणताना पाहत बसलो. तासभर बसलो असेन. धोटा इकडून तिकडे जात होता, पाय खाली दाबत होते, काठावर लहान लहान चिमण्यांसारखी नक्षी उमटत होती. मी विचारलं, आणि ह्या वेळी उत्तर येईपर्यंत थांबलो. मूर्छा येण्याआधी काही कळतं का? कळतं, ती म्हणाली. उजवा अंगठा आपोआप आत वळतो, आणि तोंडात तांब्यासारखी चव येते. सहा महिने मी तिला औषध देत होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

आणि बोलता बोलता तिचा अंगठा आत वळला. तिनं फक्त "ए" एवढंच म्हटलं. नवऱ्याला दिसत नव्हतं, पण धोट्याचा आवाज थांबला तो त्यानं ऐकला आणि तो हातातली कांडी टाकून पुढं झाला. एक हात तिच्या पाठीमागे, दुसऱ्यानं समोरच्या लाकडावर गोधडीची घडी. तिला खड्ड्यातून वर ओढून कुशीवर निजवलं. हातापायांना झटके सुरू झाले. फेफऱ्याचा प्रसिद्ध डॉक्टर असलेला मी, माझ्या सर्वांत प्रसिद्ध रोग्याचं फेफरं पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होतो. तिचे दात वाजू लागले तसा माझा हात सवयीनं तिच्या तोंडाकडे गेला. नवऱ्यानं चाचपडत माझं मनगट धरलं.

"वद्दु," तो म्हणाला. नको. "काय करू नका. बसा नुसतं."

मी नुसता बसलो. तो तिच्या डोक्याखाली तळहात ठेवून होता आणि तेलुगूत हळूहळू काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं मंत्र असेल. नंतर विचारलं तर म्हणाला, "आकडे मोजतो. शंभर झाले की बहुतेक थांबतंय. आज एकशेदहा झाले." ती शुद्धीवर आली तेव्हा पहिलं बोलली, "काठ तुटला का?" मी वाकून पाहिलं आणि नाही म्हणालो. मग तिनं कमरेची दोरी चाचपली.

त्या दुपारनंतर माझी रोगी तपासण्याची तऱ्हा बदलली. कुणालाही "थांबलं ना?" असं विचारणं मी सोडलं. घरच्या माणसांना, विशेषतः जो फेफरं येताना जवळ असतो त्याला, आधी बोलतं करायचं. रोग्यानं दिवस कसा घालवला ते विचारायचं. वही जमत नसेल तर दोरी. मीठ कुणाचंच तोडलं नाही. बाईचा डोस ती घेत होती तोच मी वहीत चढवला. कंपाउंडरांनी बाटलीवर नव्या मापाची पट्टी लावली आणि बाईकडे देताना म्हणाले, "आता डाक्टरांचा न् तुमचा डोस येकच झाला."

रोगी मात्र कमी झाले नाहीत. सभेतली गोष्ट गावभर गेली, पण साखर पेठेत ती वेगळ्या रूपात पोचली. तिथं लोक म्हणू लागले, हा डॉक्टर घरी येऊन मागाजवळ बसतो. बाई स्वतः रोगी घेऊन यायची. एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरची सून तिनंच आणली; लग्नाआधीपासून फेफरं होतं आणि सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. सून माझ्यासमोर पदर तोंडावर ओढून मुकी बसली. बाईनं तिच्याशी मोडक्या कानडीत काहीबाही बोलून तिला हसवलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता इच्यारा. आणि इच्यारून थांबा." मी थांबलो. त्या मुलीचं गुपित सासरी फुटलं, महिनाभर रडारड झाली, पण तिला कुणी माहेरी पाठवलं नाही. तिच्या सासऱ्याला समजवायला मी दोनदा गेलो आणि दोनदा अडखळलो, तिसऱ्या वेळी बाई बरोबर आली आणि कपाळावरचे व्रण दाखवून म्हणाली, "हे बगा, आणि माजी चार पोरं बगा." तिथं माझ्या डिग्रीचा काही उपयोग झाला नाही.

पुढं काही वर्षांनी ब्रोमाइडपेक्षा चांगल्या पांढऱ्या गोळ्या मुंबईत मिळू लागल्या. मी त्या मागवल्या आणि अर्धी गोळी तिच्यापुढं ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्यानं डोकं जातंय?"

"थोडी झोप येईल. सांगता येत नाही," मी म्हणालो. अनुभव हा शब्द मी बराच काळ वापरला नव्हता. "आठ दिवसांनी तुम्हीच सांगा."

आठ दिवसांनी तिनं सांगितलं, झोप येतंय पण नक्षी येतंय. मग आम्ही ब्रोमाइड हळूहळू उतरवलं आणि गोळ्या चढवल्या. मूर्छा वर्षातून एक-दोनदा एवढ्यावर आली. पूर्ण कधीच गेली नाही.

नवरा गेल्यावर तिचे स्वतःचेही डोळे अधू झाले. माग विकून ती मुंबईला मुलीकडे राहायला निघाली. तिथल्या डॉक्टरसाठी मी पत्र लिहिलं. रोगाचा सगळा इतिहास, औषधं, डोस, अंगठा वळण्याची खूण, जवळच्या माणसानं काय करावं आणि काय करू नये. चार पानं झाली. पाकीट बंद करणार तेवढ्यात ती म्हणाली, "काय लिवला ते वाचा."

मी मराठीत सांगत गेलो. ती डोळे मिटून ऐकत होती. दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं. मूर्छा सुरू झाली ते वर्ष मी चुकीचं लिहिलं होतं. आणि 'डॉक्टरांच्या सल्ल्यानं डोस कमी केला' हे वाक्य तिला पटलं नाही.

मी ते पान काढून पुन्हा लिहिलं: 'डोस बाईनं स्वतःच कमी केला.' कंपाउंडर टांगा बोलवायला गेले होते, टांगा दारात येऊन उभा राहिला. तिनं पाकीट कमरेला खोचलं, कंपाउंडरांना औषधाच्या पुड्या दोनदा मोजायला लावल्या आणि स्टेशनावर गेली.